मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार आधी ठरवा

महोदय,

जून तोंडावर आला की जळगाव-भुसावळच्या नोकरदार घरांत एकच विचारणा सुरू होते, "मूल सांभाळायला चांगली बाई आहे का कुणी?" बाई स्वच्छ हवी, प्रेमळ हवी, खाडे न करणारी हवी. पगार, वेळ, सुट्ट्या यांचा विषय निघाला की मात्र "ते बघू नंतर." मीही नोकरी करणारी आई आहे आणि माझे ठाम मत आहे की हे सगळे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे, शक्यतो कागदावर.

मूल सांभाळणे हे पूर्ण काम आहे. त्यात धुणीभांडी घुसडली तर धोका मुलालाच. ओट्याशी उभ्या बाईला रांगते बाळ जिन्याकडे गेलेले दिसत नाही. जास्तीचे काम हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवा, आणि ते बाळ झोपलेले असतानाच सांगा.

मला सर्वांत जास्त खटकते ती मे महिन्याची पगारकपात. आपण अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी जातो, मुलांना घेऊन महिनाभर तिकडेच राहतो आणि परत आल्यावर बाईच्या हातावर अर्धा पगार ठेवतो. ती यायला तयार होती, घराला कुलूप आपण लावले. तिचे घरभाडे आणि किराणा त्या महिन्यात थांबत नाही. मग ती दुसरे घर धरते आणि जूनमध्ये आपले मूल नव्या चेहऱ्यासमोर रडत बसते. तिलाही माहेर आहे. अखजीची, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या सणाची सुट्टी तिलाही पगारी मिळाली पाहिजे.

चौकशी जरूर करावी. आधीच्या घरी फोन करा, पोलीस पडताळणी करा, घरात कॅमेरा असेल तर तिला सांगून ठेवा. पण सातपुड्याच्या पाड्यावरून "जेवणखाण करू, शाळेतही घालू" असे सांगून लहान मुलगी आणणे हा गुन्हा आहे. १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. असे कुठे दिसले तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवावे. मी तर म्हणेन, १८ च्या आतली मुलगी या कामाला ठेवूच नये.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला नोंदणी करता येते, पण त्यासाठी ती जिथे काम करते त्या घराचे प्रमाणपत्र लागते आणि तिथेच गाडी अडते. उद्या काही अंगाशी येईल म्हणून शिकलेली माणसेसुद्धा सही देत नाहीत. ती द्यावी. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण मिळते. हा हप्ता घराने भरायला काय हरकत आहे?

कामगार कार्यालयाने खान्देशात तालुक्याच्या गावी नोंदणी शिबिरे घ्यावीत आणि ती रविवारी ठेवावीत. इतर दिवशी या बायांना कामावरून निघता येत नाही.

– एक नोकरदार आई, भुसावळ