आधी बाजूला काढ, उरलेलं कामाला दे

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, "आई, एवढं एक प्रोजेक्ट संपू दे, मग जरा निवांत होईन", तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय, कारण आधीच्या प्रोजेक्टला पण तू हेच म्हणाला होतास आणि त्याच्या आधी परीक्षांच्या वेळी पण. तू थापा मारत नाहीस हे मला माहितीये, तुला दर वेळी अगदी मनापासून वाटतं की पुढच्या महिन्यात मोकळा होणार. सगळ्यांनाच वाटतं तसं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नावच देऊन ठेवलंय, म्हणजे कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आपण कायम कमीच धरतो, आधीची सगळी कामं लांबली होती हे समोर दिसत असलं तरी. त्यामुळे तो निवांत महिना यायचा नाही रे बाळा, स्वतःसाठी वेळ काढायला त्याची वाट बघू नकोस.

तू म्हणशील, पण वेळ आहेच कुठे. बरं, हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. ऑफिसचे ५५ धर, कमी नको धरायला. झोपेचे ५६, त्यातला एकही मी कापू देणार नाही. प्रवास, आंघोळ, जेवण, कपडे, घरातली बारीकसारीक कामं मिळून रोजचे ४, म्हणजे २८. तरी २९ उरतात. आता हे २९ तास तुला दिसत का नाहीत, तर ते सलग नसतातच, इथे दहा मिनिटं तिथे वीस मिनिटं असा चुरा पडलेला असतो आणि त्या चुऱ्यात फोन बरोबर मावतो, बाकी काही मावत नाही. (ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे किंवा कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांना हा हिशोब ऐकवायची माझी हिंमत नाही, त्यांच्याकडे खरंच नसतो वेळ. पण तुझं तसं नाहीये.)

मागच्या वेळी तू आलास तेव्हा तुझी जुनी स्केचबुक काढून बसला होतास, आठवतंय? हाताचं चित्र काढत होतास, चार बोटं झाली होती, अंगठ्याशी आलास आणि फोन थरथरला. तू उचलला पण नाहीस, नुसता स्क्रीनवर डोळा टाकून परत उलटा ठेवलास, पण त्यानंतर पेन्सिल हातात तशीच राहिली आणि अंगठा काही झाला नाही. सोफी लरॉय नावाच्या बाईंनी २००९ मध्ये यावर अभ्यास केलाय, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा थोडा भाग मागच्या कामातच अडकून राहतो असं त्यांना दिसलं. म्हणून सांगते, अर्धा तास काढशील तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेव. उलटा ठेवून भागत नाही.

आणि उरलेल्या वेळात करू म्हणशील तर काही उरत नाही, हे मी लिहून देते. पार्किन्सन नावाच्या इतिहासकाराने १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं की जेवढा वेळ हाताशी असेल तेवढं काम फुगत जातं. त्याचं उदाहरण फार छान आहे, एक रिकामटेकडी म्हातारी भाचीला एक पोस्टकार्ड लिहायला अख्खा दिवस लावते, कार्ड शोधायला एक तास, चष्मा शोधायला एक तास, असं करत करत, आणि तेच काम घाईतला माणूस तीन मिनिटांत उरकतो. तुझं ऑफिसचं काम पण रात्री दहापर्यंत फुगतं कारण दहापर्यंतचा वेळ तू त्याला मोकळा सोडलेला असतोस. पगार झाला की आधी बचत बाजूला टाकायची आणि मग खर्च करायचा हे तुला बाबांनी शिकवलंय, तू ते नीट पाळतोस पण, तेच वेळेला लाव ना. तुझं ते ऑफिसचं कॅलेंडर तू दाखवलं होतंस मला, रंगीत चौकोनांनी गच्च भरलेलं, त्यात प्रत्येक चौकोन दुसऱ्या कुणीतरी टाकलेला होता, तुझा स्वतःचा एकही नव्हता. मला ते बघून फार वाईट वाटलं रे.

तर एक चौकोन स्वतः टाक. पण एकदम गिटार, जिम, जर्मन, वाचन अशी यादी करू नकोस, दोनच गोष्टी घे, ज्या वर्षभर केल्या नाहीत तर तुला आतून खुपेल अशा. आणि "वेळ मिळेल तेव्हा" असं नको, वार, वेळ आणि जागा ठरव, अगदी "गुरुवारी जेवण झालं की खिडकीजवळच्या टेबलावर" इतकं नेमकं. असं केव्हा-कुठे ठरवलं की गोष्ट होण्याची शक्यता वाढते, पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने हे बऱ्याच अभ्यासांतून दाखवलंय. त्या वेळी कुणी काम घेऊन आलं तर "बघतो" म्हणू नकोस, समोरचा त्याला होच समजतो. "आज नाही, उद्या सकाळी देतो" म्हण, बहुतेक कामं सकाळपर्यंत थांबतात.

एखादा गुरुवार बुडाला तर लगेच सगळं सोडून देऊ नकोस, तुझी ती जुनी सवय आहे. लंडनला सवयींवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला लोकांना १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही लागले, पण मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंच दिसलं. पुढच्या गुरुवारी परत बस, बास.

दोनातली एक गोष्ट तूच निवड, मी त्यात बोलणार नाही. दुसरीसाठी मात्र मी हक्काने भांडणार आहे, ती म्हणजे माणसं. बाबा विचारतात तुझ्याबद्दल, माझ्याकडे, तुला थेट नाही विचारत कारण त्यांना वाटतं तू बिझी असशील. त्यांना चालत्या लिफ्टमधून "सगळं ठीक ना" वाला फोन नको करूस. वार ठरव, बसून बोल, आणि कुठला वार ते मला आजच मेसेज कर म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही दुसरं काही ठेवणार नाही.

तुझी,
आई