तीन दवाखाने आणि एक आरोग्य केंद्र

लंडन,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. लेकीने आजोबांचा मिरजेतला दवाखाना बंद करून पॉलिक्लिनिकमध्ये बसायचं ठरवलंय, हे वाचून तुझ्या जिवाची घालमेल कळली. आमच्या भागातही सध्या हाच विषय पेटलाय. तीन जुने दवाखाने बंद करून सगळे डॉक्टर एका नव्या आरोग्य केंद्रात न्यायचे, असं घाटतंय. तू विचारलंस, "तुमच्याकडे तर सगळं सरकारी आणि फुकट, मग लोक ओरडतात कशाला?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९४८ साली एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली, पण भागातला डॉक्टर, ज्याला इथे जीपी म्हणतात, तो काही सरकारी नोकर झाला नाही. आजही बहुतेक दवाखाने डॉक्टरांच्या भागीदारीत चालतात. दवाखान्याकडे नोंदवलेल्या पेशंटांची यादी असते आणि त्या यादीवर, दरडोई हिशोबाने, सरकार पैसे देतं. डॉक्टरला दाखवायला पेशंटला खिशात हात घालावा लागत नाही. जागेचं भाडंही बहुतेक ठिकाणी एनएचएस भरून देते, पण लीजवर सही डॉक्टरांची. पार्टनर एकेक करून निवृत्त झाले आणि नवीन कोणी आलं नाही, तर जो शेवटी उरतो त्याच्या एकट्याच्या गळ्यात सगळं येतं. तरुण डॉक्टर याला घाबरतात. २०१३ च्या सुमारास इंग्लंडात असे आठ हजारांच्या आसपास दवाखाने होते, दहा वर्षांत ते साडेसहा हजारांच्याही खाली आले. म्हणजे आमच्याकडे चाललंय ते जगावेगळं नाही.

आणि एका छताखाली सगळं आणायची कल्पना मुळात वाईट आहे, असंही मी म्हणणार नाही. १९२० च्या डॉसन अहवालात, म्हणजे इथल्या सरकारसाठी लिहिलेल्या एका अहवालात, ती मांडलेली आहे. १९३८ मध्ये इथल्या फिन्सबरी भागात लुबेटकिन नावाच्या वास्तुविशारदाने बांधलेलं आरोग्य केंद्र उघडलं, तेव्हा गरिबाला उजेड, हवा आणि औषध एकाच ठिकाणी मिळावं हाच हेतू होता. पुढे २००७ मध्ये लॉर्ड डार्झी या सर्जननी लंडनसाठी पॉलिक्लिनिकची योजना मांडली, साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक. तेव्हा त्याविरुद्ध डॉक्टरांच्या संघटनेने बारा लाखांहून जास्त सह्या गोळा करून २००८ मध्ये पंतप्रधानांच्या दारात नेऊन दिल्या. २०१० मध्ये सरकार बदललं आणि ती योजना थांबली. आता २०२५ च्या दहा वर्षांच्या आराखड्यात वस्तीवस्तीला आरोग्य केंद्र काढायची भाषा पुन्हा आलीय.

आमचा दवाखाना तू पाहिला असतास तर ओळखीचाच वाटला असता. चाळीसारख्या सलग घरांतलं एक घर. पुढची खोली म्हणजे वेटिंग रूम, जिना इतका अरुंद की वरच्या मजल्यावरच्या नर्सकडे व्हीलचेअरचा पेशंट पाठवताच येत नाही. डॉक्टर आपल्याकडचेच. साठ-सत्तरच्या दशकांत भारत-पाकिस्तानातून आलेल्या कितीतरी डॉक्टरांना इथल्या मोठ्या इस्पितळांत हवं ते काम मिळेना, तेव्हा कामगारवस्त्यांतले, खाणींच्या गावांतले दवाखाने त्यांनी उचलून धरले. गोरे डॉक्टर जिथे जायला राजी नव्हते तिथे हे लोक तीस-तीस वर्षं बसले. ती पिढी आता निवृत्त झाली किंवा होतेय, आणि नेमके तेच दवाखाने बंद पडताहेत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हिची गोष्ट तुला सांगितली नव्हती. खोकल्यासाठी गेली होती. आमचे डॉक्टर पेशंटला बोलवायला स्वतः वेटिंग रूमच्या दारात येतात. हिने खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा दिला, तो त्यांनी दारातूनच पाहिला. खोकला तपासून झाल्यावर म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही अशा उठत नव्हता. सकाळी खांदे आखडतात का? केस विंचरता येतात?" हिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. रक्त तपासलं, पॉलिमायल्जिया, म्हणजे खांदे-कंबर आखडवणारा आजार, निघाला, आणि स्टेरॉइडच्या लहानशा डोसने थोड्याच दिवसांत तिचे हात वर जायला लागले. मोठ्या केंद्रात भिंतीवरच्या पडद्यावर नाव झळकतं, पेशंट बोळातून आपला आपण खोलीपर्यंत जातो, आणि आत बसलेला डॉक्टर त्या दिवशीच पहिल्यांदा भेटलेला असतो. त्याने हे कसं ओळखावं?

हे केवळ माझ्या मायेपोटी म्हणत नाही. नॉर्वेत लाखो लोकांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास आहे. पंधरा वर्षांहून जास्त एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, वर्षभरच त्या डॉक्टरकडे असलेल्यांपेक्षा, अवेळी धावाधाव, तातडीने भरती होणं आणि मृत्यू, तिन्हींचं प्रमाण पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक कमी दिसलं. एखाद्या नव्या औषधाने एवढं केलं असतं तर त्यासाठी रांगा लागल्या असत्या.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. फळ्यांवर नव्या इमारतीची चित्रं, चित्रात झाडं, काच, हसरी कुटुंबं. आमच्या गल्लीतल्या आयरिश आजी वॉकर घेऊन आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मी जाऊ कशी? दोन बस, आणि पुढे चढ." उत्तर आलं, पंधरा मिनिटं लागतील. गाडीने. आजींकडे गाडी नाही, आणि ज्यांना डॉक्टर सगळ्यात जास्त लागतो त्यांच्यापैकी किती जणांकडे असते?

कोणीतरी शिपमनचं नाव काढलं. एकटा दवाखाना चालवणाऱ्या त्या डॉक्टरने अडीचशेच्या आसपास पेशंट मारले होते, म्हणून एकट्या डॉक्टरवर विश्वास नको, असा मुद्दा. भीती खरी आहे, पण आधी इतर डॉक्टरांच्या सोबतीने काम करत होता तेव्हाही त्याने माणसं मारली होती. आणि एकट्याचे दवाखाने बंद करा, असं त्या प्रकरणाच्या सरकारी चौकशीने सांगितलेलं नाही.

मला हलवलं ते त्या तीनपैकी एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीच्या बोलण्याने. ती विलीनीकरणाच्या बाजूने बोलली. म्हणाली, "माझ्यानंतर या लीजवर सही करायला कोणी नाही. मी आजारी पडले तर दाराला कुलूप." तिच्यावर कोणी ओरडलं नाही. तिला जुन्या इमारतीत कोंडून ठेवा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

म्हणून आम्ही पेशंटांच्या गटाने विरोधाचं निवेदन बाजूला ठेवून वेगळं लिहून दिलंय. केंद्र बांधा. लिफ्ट, रक्ततपासणी, फिजिओथेरपी सगळं असू दे. पण पेशंट एका भल्यामोठ्या यादीत ढकलू नका, दोन-तीन डॉक्टरांच्या लहान तुकड्या करा आणि प्रत्येक कुटुंब एका तुकडीकडे ठेवा. कागदावर हे आधीच होतं: २०१४ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना आणि २०१५ पासून सगळ्यांनाच ठरावीक डॉक्टरचं नाव देण्यात आलं. पण फोन लावला की मिळतो तो त्या वेळी रिकामा असलेला डॉक्टर. अपॉइंटमेंट देतानाच आधी ते नाव पाहायचं, एवढा नियम आम्हाला लेखी हवाय. आणि आमच्या गल्लीतली एक जागा आठवड्यातून दोन सकाळी तरी उघडी ठेवा, वॉकरवाल्यांसाठी. निर्णय अजून व्हायचाय. मी प्रत्येक बैठकीला जाणार आहे.

आता तुझ्या लेकीचं. तिथली गोष्ट वेगळी आहे, हे मी जाणतो. मिरजेत पेशंट फी देतो आणि डॉक्टरच्या मागे जातो, यादीबिदी काही नाही. त्यामुळे ती पॉलिक्लिनिकमध्ये गेली म्हणून तिला दोष देऊ नकोस. एकटीने भाडं, कंपाउंडर आणि रात्रीचे फोन सांभाळायचे, वर घरही, हे सोपं नाही. फक्त तिथल्या लोकांशी ठरवताना तिने दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात: आजोबांच्या पेशंटांना तिच्याच खोलीत पाठवायचं, आणि कपाटातले जुने केसपेपर रद्दीत न घालता बरोबर न्यायचे. तुझ्या वडिलांचं अक्षर वाचता येणारी ती एकटीच उरलीय, म्हणाला होतास ना? तिला माझा फोन नंबर दे. रविवारी मी घरीच असतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
लंडनवाला