टिटलिसवरची पाच मिनिटं आणि २१,७१२ रुपये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या परदेश सहलींवर तुम्ही दोन पानं दिली होती. व्हिसाला कुठले कागद लागतात, फोरेक्स कार्ड घ्यावं की रोख न्यावी, थर्मल कुठून आणायचे, शाकाहारी लोकांनी काय खायचं, सगळं होतं, पण मोबाईलचं काय करायचं यावर एक ओळ सुद्धा नव्हती. मी दोनदा वाचून बघितलं. आमच्या सहलीत सगळ्यात जास्त मनस्ताप त्यानेच झाला, म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल पण कृपा करून पूर्ण वाचा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरने युरोपला गेलो. मी शाळेतून रिटायर, आमचे हे सरकारी नोकरीतून, आयुष्यातली पहिलीच परदेशवारी. पॅरिसला उतरल्यावर ग्रुपमधल्या सगळ्यांनीच तिथलं प्रीपेड सिम घेतलं म्हणून आम्हीही एक घेतलं, ह्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या खाच्यात टाकलं आणि खरंच मस्त चाललं. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, मग जर्मनी, देश बदलले तरी सिम तेच आणि पैसे तेच. नंतर कळलं की युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून नियमच केलाय, एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात वापरलं तर रोमिंगचा, म्हणजे परक्या नेटवर्कवर फोन वापरण्याचा, जादा आकार लावायचा नाही, आणि २०२२ मध्ये तो नियम २०३२ पर्यंत वाढवला.

पण स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाहीये! आपल्याला युरोप म्हणजे स्वित्झर्लंडच आधी आठवतं, आणि नेमकं तेच त्या यादीत नाही. काही कंपन्या आपणहून त्यांच्या प्लॅनमध्ये घालतात, आमच्या सिममध्ये नव्हतं. तिथल्या ऱ्हाईन फॉल्स धबधब्याच्या आसपास जर्मनीची हद्द इतकी जवळ आहे की फोन कधी जर्मन टॉवर पकडत होता कधी स्विस, त्यामुळे नेट येतंय जातंय इतकंच वाटलं, कारण काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी टिटलिसला, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्फाच्या डोंगरावर गेलो. वर सगळीकडे पांढरंशुभ्र, मी तर रडलेच, आणि पुण्यात नातू शाळेतून येऊन बसलेला, तिथले अकरा म्हणजे आपले अडीच, त्याला कबूल केलं होतं की बर्फातून फोन करू. पॅरिसचं सिम मेलेलं. ह्यांनी मग आपलं भारतातलं पोस्टपेड सिम डेटासाठी चालू केलं, म्हणाले पाच मिनिटांनी काय होतंय. नातवाने बर्फ बघितला, आजोबांनी गोळा करून कॅमेऱ्यावर मारून दाखवला, फोन ठेवला आणि डेटा बंद करायचं राहिलं. खाली उतरेपर्यंत फोनने गुपचूप आदल्या दोन दिवसांचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले. आता बघा, साध्या फुल एचडीमध्ये घेतलेला एक मिनिटाचा व्हिडिओ ६० एमबीच्या आसपास जातो, तसे तीन व्हिडिओ म्हणजे झालेच की १८० एमबी, आणि आपण घरी दिवसाला दीड-दोन जीबी वापरणारी माणसं, आपल्याला १८० एमबी म्हणजे काहीच वाटत नाही.

पुढच्या महिन्यात बिल आलं. फक्त त्या एका दुपारचे १८,४०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,७१२ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण छापून आणायचं नाहीये. तीन महिने मेल आणि फोन केल्यावर थोडी रक्कम कमी झाली एवढंच. पण हे त्या दिवसापासून व्हिडिओ कॉल करायलाच घाबरतात, घरच्या वायफायवर सुद्धा मला विचारतात की अगं हे फुकट आहे ना नक्की. त्याचं मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आणि गंमत नाही, खरं सांगते, त्याच प्रवासात पुढे लिश्टेनश्टाईनच्या राजधानीत, वाडुझला गाडी थांबली आणि पॅरिसचं सिम आपोआप जिवंत झालं. लिश्टेनश्टाईन एवढासा देश, तोही युरोपियन युनियनमध्ये नाही, पण युरोपियन इकॉनॉमिक एरियात, म्हणजे युनियन आणि शेजारच्या काही देशांच्या सामायिक बाजारात आहे म्हणून तिथे तो नियम लागू, नॉर्वे आणि आइसलँडलाही तसंच. हे एवढं कुणीतरी बसमध्ये माईकवर सांगितलं असतं तर आम्ही एक दिवस कळ काढली नसती का?

आमचा भाचा मोबाईलच्या क्षेत्रात आहे, त्याने नंतर समजावलं की हे इतकं महाग का पडतं. आपला फोन परक्या देशात तिथल्या टॉवरला चिकटतो, ती कंपनी आपल्या कंपनीकडून घाऊक भावाने पैसे घेते आणि आपली कंपनी त्यावर स्वतःचा दर लावते. पॅक घेतला असेल तर तो दर आधी ठरलेला असतो, नसेल तर एमबीवर मोजतात. नुसतं उदाहरण म्हणून एमबीला १० रुपये म्हटलं तर कानाला स्वस्त वाटतं पण एका जीबीत १०२४ एमबी असतात, म्हणजे जीबीला दहा हजाराच्या वर. आणि रोमिंगवरचा आपला डेटा बहुतेक वेळा आधी भारतातल्या आपल्या कंपनीकडे येऊन मग इंटरनेटवर जातो. म्हणूनच चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गुगल बंद असूनही आपल्या सिमच्या रोमिंगवर ते चालतं आणि हॉटेलच्या वायफायवर चालत नाही. दुबईला जाणाऱ्यांना वेगळाच धक्का बसतो, तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही. नेट बिघडलेलं नसतं, तिथल्या नियमांनी तो बंद आहे, बरेच लोक तिथे बोटिम नावाचं कॉलचं ॲप वापरतात.

मग करायचं काय, तर माझं मत सांगते, मी काही तज्ज्ञ नाही पण २१ हजार भरून शिकलेय. आठ-दहा दिवसांची ग्रुप टूर आणि देश बरेच असतील तर आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक निघण्याआधी घ्यावा, थोडा महाग पडला तरी. फक्त घेताना देशांची यादी स्वतः वाचा, मधे विमान बदलायला दोहा नाहीतर इस्तंबूलला थांबणार असाल तर तो देश यादीत आहे का बघा आणि पॅक तिथेच सुरू होतो का, दिवस तासांवर मोजतात की तारखेवर, हे विचारून घ्या. एकाच देशात महिनाभर राहायचं असेल तर तिथलं लोकल सिम घ्यावं, पासपोर्ट जवळ ठेवावा, थायलंडमध्ये काउंटरवर पासपोर्टशिवाय देतच नाहीत, जर्मनीतही २०१७ पासून ओळखपत्राची पडताळणी झाल्याशिवाय प्रीपेड सिम चालू होत नाही. तिसरा मार्ग ई-सिम, त्यात कार्ड नाही, कोड स्कॅन केला की झालं, आपलं भारताचं सिम आत तसंच राहतं. पण आपल्याकडच्या स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा ई-सिम नसतं, शिवाय ते टाकायला सुद्धा आधी नेट लागतं आणि अनेक प्रवासी ई-सिममध्ये फक्त डेटा असतो, नंबर नसतो. जानेवारी २०२४ मध्ये एरालो आणि होलाफ्लाय ही दोन परदेशी ई-सिमची ॲप दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून आपल्याकडच्या ॲप स्टोअर आणि प्ले स्टोअरवरून काढली गेली, परदेशी सिम इथे विकायला विभागाची परवानगी लागते, म्हणून कोणी ओळखीचा सांगतोय म्हणून कुठूनही विकत घेऊ नका.

ई-सिम घ्या नाहीतर लोकल, भारताच्या सिमचं डेटा रोमिंग आधी बंद करा. आयफोनमध्ये अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग म्हणून एक बटण असतं, ते चालू राहिलं तर एका सिमची रेंज गेली की फोन आपल्या मनाने दुसऱ्या सिमचा डेटा घेतो, ते पण बंद करा, म्हणजे दोन्ही कुलपं लागली. क्लाउड बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, गुगल मॅप घरूनच ऑफलाईन उतरवून न्या. विमानात आणि क्रूझवर फोन एअरप्लेन मोडवरच असू द्या, कारण जहाजाचं स्वतःचं सॅटेलाईट नेटवर्क असतं आणि ते देशांच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा धरत नाहीत, युरोपचा फुकट रोमिंगचा नियम सुद्धा तिथे लागू नाही.

आता अजून एक, आणि हे सहलीवाल्यांपेक्षा मुलाकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जाणाऱ्या आईबापांसाठी. आमच्या सोसायटीतल्या एक काकू सुनेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तिथलं सिम मुलाने दिलं आणि इथलं सिम काढून डबीत ठेवलं. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, खात्यात २० रुपये असले तर ते कापून ३० दिवस वाढवून देतात, हे त्या माउलीला कोण सांगणार? नंबर गेला, त्याबरोबर बँकेचा ओटीपी गेला, पेन्शनचं खातं डोळ्यासमोर असून हात लावता येईना, यूपीआय पण त्याच नंबरवर. आयफेल टॉवरवर यूपीआयने तिकीट काढता येतं म्हणून २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी कौतुकाने मेसेज फॉरवर्ड केले, पण त्याच्या मुळाशी आपलं साधं सिम जिवंत पाहिजे हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. म्हणून जाताना वैधता पुरेल असा रिचार्ज मारा, इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, डेटा बंद ठेवा पण सिम फोनमध्येच राहू द्या, आणि रोमिंगवर येणारे एसएमएस तुमच्या कंपनीकडे फुकट आहेत ना हे निघण्याआधी विचारून घ्या. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियम एसएमएस ओटीपीला दुसरे पर्याय वापरायला बँकांना वाव देतात, पण तुमची बँक काय वापरते ते शाखेत जाऊनच विचारा.

आता माझी मागणी. युरोपात २०१० पासून नियम आहे की रोमिंगचा डेटा ५० युरोवर गेला की ग्राहकाने स्वतःहून हो म्हटल्याशिवाय पुढे चालूच राहत नाही, त्याआधी ८० टक्क्यांवर इशारा येतो, आणि २०१२ पासून त्यांचा ग्राहक युरोपबाहेर गेला तरी ही कडी बहुतेक ठिकाणी लागते. म्हणजे तिथला एखादा आजोबा बर्फात उभा राहून नातवाला फोन करायला लागला तर फार फार तर त्याचे ५० युरो जातात, एक महिन्याची पेन्शन जात नाही. आपल्या ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने सुद्धा २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग आणि अचानक येणारी मोठी बिलं यावर लोकांची मतं मागवणारा कागद काढला होता, म्हणजे प्रश्न त्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं एवढंच की पॅक नसलेल्या प्रत्येक नंबरवर रुपयात ठरलेली अशी मर्यादा आधीपासूनच लावलेली असावी, ग्राहकाने मागायची वाट बघू नये, आणि इशाऱ्याचा मेसेज मराठीत यावा, कारण परदेशात उतरल्या उतरल्या चार इंग्रजी मेसेज येतात आणि त्या गडबडीत ते कोणीच वाचत नाही.

टूर कंपन्यांनाही सांगायचंय. तुम्ही निघायच्या आधी मीटिंग घेता, टोपी देता, बॅग देता, पुरणपोळी सुद्धा बरोबर घेता, त्याच मीटिंगमध्ये दहा मिनिटं प्रत्येकाचा फोन हातात घेऊन डेटा रोमिंग कुठे बंद होतं ते दाखवा, आणि तुमच्या मार्गावर कुठल्या देशात कुठलं सिम चालणार नाही ते कागदावर छापून द्या. टूर मॅनेजरला हे पाठ असतं, आमच्या मॅनेजरलाही माहीत होतं, कोणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही.

आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती, एप्रिल-मेच्या सहली निघायच्या आत पुरवणीत अर्धं पान यासाठी द्या. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत ती बटणं कुठे असतात त्याची चित्रं मोठ्या अक्षरात छापा, साठीच्या पुढच्या माणसाला चष्म्याने वाचता येईल अशी. मी ते कात्रण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर लावीन, या उन्हाळ्यात आमच्यातली सात जोडपी निघतायत आणि त्यातल्या चौघांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे.

आपली जुनी वाचक,
सातारा