शोधण्याची फी घ्या, पण बिघाड शोधा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. दहा वर्षांपुढच्या गाडीवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात, असा लेखकाचा सूर आहे. पैसे पाण्यात जातात हे खरे, पण तो दोष गाडीचा नव्हे. बिघाड न शोधता सुटे भाग बदलत सुटणाऱ्या गॅरेजांचा आहे, आणि त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नाही.

माझी पेट्रोल गाडी २०११ ची. मध्यंतरी ती सिग्नलला उभी असताना थरथरू लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. घराजवळच्या एका मोठ्या, एसी केबिनवाल्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला. ‘काका, ऑक्सिजन सेन्सर गेलाय,’ तिथला मुलगा म्हणाला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर साडेचार हजारांचा, मजुरी वेगळी. थोड्याच दिवसांत दिवा परत लागला. मग इग्निशन कॉइल बदलली, मग फ्युएल पंप. थरथर होती तशीच. शेवटी ‘ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलावा लागेल’ म्हणाले, आणि लगेच पुढे, ‘त्यापेक्षा गाडी काढून टाका, आमच्याकडे गिऱ्हाईक आहे.’ काढलेले जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेल्याचे सांगितले. माझ्या पैशाच्या वस्तू मला न विचारता भंगारात कशा जातात?

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते आहे. का, ते कोड सांगत नाही. कुठून तरी जादा हवा आत शिरत असेल, पेट्रोलचा दाब कमी पडत असेल, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबले असतील, हवेचा सेन्सर मळला असेल. एकेक शक्यता तपासून बाद करत जायचे असते. माझ्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर खरे तेच सांगत होता. ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून द्यावा, तसे त्यांनी केले.

नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने एका वयस्कर मेस्त्रींचा पत्ता दिला. त्यांनी कोड वाचला आणि स्कॅनर बाजूला ठेवला. इंजिन चालू ठेवून इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या नळ्यांवर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा थोडा थोडा मारत गेले. एका जागी फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला, म्हणजे तिथूनच हवा आत ओढली जात होती. मागच्या बाजूची व्हॅक्यूमची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन चिरली होती. नवी नळी शंभर रुपयांच्या आतली. ती बसली आणि थरथर थांबली. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

त्यांनी मागितलेली रक्कम ऐकून मला वाईट वाटले. नळी आणि ती बसवण्याची मजुरी, एवढेच. तासभर शोधले त्याचे काय, असे विचारले, तर म्हणाले, ‘शोधायचे पैसे कोण देतो साहेब? लोक म्हणतात, तुम्ही केलंत काय?’

महोदय, सगळे दुखणे इथे आहे. आपल्याकडे गॅरेजला पैसा मिळतो तो भाग बदलल्यावर. डोके लावून, भाग न बदलता गाडी बरी करणाऱ्याला काही मिळत नाही. मग कोण कशाला शोधत बसेल? माझे म्हणणे आहे, की निदानाची फी वेगळी असावी, आधी सांगावी आणि पावतीवर लिहावी. आम्ही ती देऊ. पण मग निदान चुकले, तर बसवलेल्या भागाचा भुर्दंड गॅरेजने सोसावा, आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा.

लेखकाने लहान गॅरेजवाल्यांना ‘अंदाजे काम करणारे’ म्हटले, ते मला फार लागले. त्यांच्या हाती साधने का नाहीत? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता, तो नेमका यासाठीच. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळाली पाहिजेत, असा तो आदेश होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. इतका मोठा निकाल लेखकाच्या नजरेतून कसा सुटला?

जाता जाता आणखी एक. माझ्या गाडीच्या पुनर्नोंदणीची वेळ आली आहे. पूर्वी पंधरा वर्षांपुढच्या मोटारीला त्यासाठी ६०० रुपये पडत, १ एप्रिल २०२२ पासून ५००० पडतात. वीस वर्षांपुढच्या गाडीचे शुल्क तर ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केले. नीट राखलेल्या, पीयूसी वेळेवर काढलेल्या गाडीला आणि धूर ओकणाऱ्या गाडीला एकच दर. सरकारला धुराची काळजी असेल तर शुल्क धूर मोजून लावावे, नोंदणीचे साल बघून नव्हे.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे