दत्तास पत्र: हाजींचा प्रश्न

पुणे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, त्याबद्दल तू मनात चार शिव्या दिल्या असशीलच. आज लिहायला बसलो, कारण ईदच्या दुसऱ्या दिवशी हाजींचा फोन आला. आपलेच हाजी. आवाज तसाच चढा, हिंदी तशीच मोडकी, आणि पहिला प्रश्न "तो भांडखोर कुठे आहे?" हा. माझी प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे; तो विषय इथेच संपला.

लिबियातल्या बेनगाझीत सूक अल-हूत बाजाराजवळचे त्यांचे दुकान गेले हे आपल्याला ठाऊक होते. साब्री वस्तीतले घरही गेले, आणि धाकटा मुलगा 2014 नंतरच्या लढाईत मारला गेला, हे आता कळले. गोळी कोणत्या बाजूची, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. देर्ना शहरातले मेहुणे, ज्यांच्याकडे आपण मासे खाल्ले होते, ते सप्टेंबर 2023 मध्ये वरची दोन्ही धरणे फुटली त्या रात्री घरादारासकट समुद्रात वाहून गेले. बाजारभाव सांगावेत तशा सुरात हे सगळे सांगून झाल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एक गोष्ट कधीची विचारायची आहे. त्या मार्चमध्ये तुमच्या देशाने हात का वर केला नाही?"

मला उत्तर देता आले नाही. "फाइलमधले कारण सांगू की खरे?" असे तू विचारले असतेस, मला तेही सुचले नाही.

तुला आठवतच असेल, लिबियात उठाव पेटला तेव्हा, 26 फेब्रुवारी 2011 ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले आणि तो उठाव चिरडणाऱ्या हुकूमशहा गद्दाफीचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले, त्या ठराव 1970 ला भारताने मत दिले होते. त्यानंतर लगेचच 'स्कॉशिया प्रिन्स' जहाज बेनगाझीच्या धक्क्याला लागले आणि आपण अलेक्झांड्रियाला निघालो. हाजी पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन धक्क्यावर आले होते. पुढचा सारा प्रवास तू कठड्याला धरून ओकत होतास आणि मधल्या उसंतीत साम्राज्यवादावर बोलत होतास. 17 मार्चला नागरिकांच्या रक्षणासाठी लष्करी बळ वापरायला मुभा देणारा ठराव 1973 आला, तेव्हा मात्र दहा देश बाजूने होते आणि भारत, चीन, रशिया, ब्राझील, जर्मनी हे पाच देश तटस्थ राहिले. आपण तेव्हा घरी पोहोचून टीव्हीसमोर बसलो होतो. आपली माणसे सरकारने जहाजे आणि विमाने लावून काढली होती. हाजींना काढायला कोणी येणार नव्हते, हे तुला आणि मला जितके नेमके ठाऊक आहे तितके या विषयावर अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही नसावे.

हाजी म्हणाले, 19 मार्चच्या सकाळी गद्दाफीचे रणगाडे शहराच्या पश्चिमेकडच्या वस्तीत शिरले होते आणि त्यांनी बायकामुलांना गाडीत बसवले होते. संध्याकाळी फ्रेंच विमानांनी अजदाबिया गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची रणगाड्यांची रांग जाळली. पुढे चौकात फ्रान्सचे झेंडे फडकले, त्यांतला एक त्यांच्या दुकानावरही होता. तो झेंडा लावल्याचा पश्चात्ताप त्यांना आजही नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितले. म्हणजे त्यांची तक्रार विमाने आली याची नाही. त्याच विमानांनी पुढे सात महिने काय केले आणि त्यानंतर काय केले नाही, याची आहे.

इथे आपले जुने भांडण येते. विमाने उडालीच नसती तर बरे, कारण एकदा उडाली की ती थांबवणारा कोणी नसतो, असे तू म्हणत आलास. बेनगाझीपुरती ती हवीच होती, पण तिथे थांबायला हवे होते, असे मी म्हणत आलो आणि आजही म्हणतो. 2016 चा ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीचा अहवाल तू मला पाठवलास, तेव्हा नागरिकांवरचा धोका फुगवून सांगितला गेला, या वाक्याखाली तुझी लाल रेघ होती. त्याच अहवालात असेही आहे, की बेनगाझीच्या लोकांचे रक्षण हाच हेतू असेल तर तो चोवीस तासांच्या आत साधला होता. तिथून पुढे मोहीम सत्तापालटाकडे घसरत गेली. त्या वाक्याखाली तू रेघ मारली नव्हतीस. ठरावात नागरिकांचे रक्षण लिहिले होते. सिर्तमध्ये 20 ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला आणि 31 ऑक्टोबरला नाटोने मोहीम गुंडाळली. ज्या माणसाने 42 वर्षांत पक्ष, राज्यघटना, धड सैन्यदेखील उभे राहू दिले नाही, तो गेल्यावर गल्लोगल्लीच्या बंदुका कोण गोळा करणार होते, हे ठरलेलेच नव्हते. ओबामांनी स्वतः पुढे आपली सर्वांत मोठी चूक म्हणून हीच गोष्ट सांगितली. त्या कबुलीने साब्रीतले एकही घर उभे राहिले नाही.

पण दत्ता, सगळा दोष पश्चिमेच्या पदरात टाकण्याइतके हे सोपे नाही, आणि माझी झोप उडते ती इथे. आपण निघालो त्याच सुमारास बेनगाझीत मोठा फलक लागला होता: परकीय हस्तक्षेप नको, लिबियाची जनता एकटी हे करू शकते. छायाचित्र तूच दाखवले होतेस. ठराव 1973 मध्येही परकी ताबा घेणारी फौज स्पष्टपणे वगळली होती, आणि ती लिबियाच्या लोकांनाही नकोच होती. जुलै 2012 ची निवडणूक त्यांनी उत्साहाने पार पाडली. तेव्हा फौज ठेवली असती तर इराक झाला असता, न ठेवली तर हे झाले. देर्नाच्या धरणांचेही तसेच आहे. भेगा गद्दाफीच्या काळातल्याच होत्या. दुरुस्तीला तुर्की कंपनी लागली ती 2010 च्या अखेरीस आणि काही महिन्यांत क्रांतीच्या धामधुमीत काम थांबले. त्यानंतरच्या बारा वर्षांत दोन सरकारे एकमेकांशी लढली आणि तुर्कस्तान, रशिया, अमिराती आपापला घोडा पुढे दामटत राहिले. म्हणजे हस्तक्षेप थांबला नव्हताच, फक्त करणारे बदलले होते, आणि त्यांना कोणत्याही ठरावाची गरज भासली नाही.

1971 चा, बांगलादेशचा दाखला मी काढला की तू चिडतोस. चीड. एक कोट निर्वासित आपल्या दारात होते हे मान्य, पण आपण गेलो, तिथे निवडून आलेले नेतृत्व होते, आणि मार्च 1972 मध्ये आपले सैन्य परतले. हात आखडता घेणे हाच आपला स्वभाव आहे, असे सांगणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. 2011 मध्ये आपल्या प्रतिनिधीने दिलेली कारणे, म्हणजे प्रत्यक्ष परिस्थितीची पुरेशी माहिती नाही, संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूताचा अहवाल आलेला नाही, ही वाचताना मला पटतात. तीच हाजींना फोनवर सांगायची झाली तर जीभ वळत नाही. तटस्थ राहिलेल्या पाचांचे पुढच्या अनर्थाबद्दलचे भय खरे ठरले, पण त्या शनिवारी अजदाबियाच्या रस्त्यावर त्यांचा काहीही उपयोग नव्हता.

सईचे लग्न ठरल्याचे कळले, आनंद झाला, तारीख कळव. वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन लांबणीवर टाकू नकोस. निवृत्तीनंतर तू बागकाम करतोस यावर माझा विश्वास नाही.

हाजी पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन करणार आहेत. त्यांचा नंबर सोबत लिहिला आहे. तटस्थतेची बाजू इतकी वर्षे तू लढवलीस, तेव्हा त्यांना उत्तर तूच द्यावेस, आणि देण्याआधी ते मला ऐकवावेस, कारण तू त्यांच्याशी भांडायला लागलास तर सोडवायला मीच हवा.

तुझा,
अरविंद