फर्नेसवरच्या मामांना, लॅबमधून

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, फेटा झाला, फोटो झाले. भाषणांत तुमच्या लायनिंगची (भट्टीच्या आतल्या अस्तराची) तारीफ झाली, अर्धं आयुष्य आगीसमोर काढल्याचं कौतुक झालं. लॅबच्या दारावरच्या कॅलेंडरचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मला बोलायचं होतं, पण माईक साहेबांच्या हातातून सुटेना. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. कारण रिलीव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर आपली जागा घेणारा माणूस, न येण्याचं दुखणं कोल्हापूरकडच्या शिरोलीपासून कागलपर्यंत प्रत्येक शेडमध्ये आहे.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, धातू वितळला की लगेच ओतता येत नाही. आधी फर्नेसमधलं (भट्टीतलं) सॅम्पल लॅबला येतं. रुपयाच्या नाण्यासारखी ती चकती घासायची, स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवून स्पार्क मारायचा आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक यांचे आकडे फर्नेसला सांगायचे. त्यानंतर हीट, म्हणजे भट्टीतला त्या खेपेचा रस, सुटते. एसजीच्या (मॅग्नेशियम घालून केलेल्या चिवट बिडाच्या) हीटला तर मॅग्नेशियम पडलं की घड्याळ सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटांत मोल्ड (साचे) भरले नाहीत तर मॅग्नेशियम उडून जातं आणि कास्टिंग स्क्रॅपला. अशा ठिकाणी लॅबच्या खुर्चीत माणूस नसेल तर 1400 अंशांच्या पुढचा रस नुसता उकळत बसतो. वीज जळते, कार्बन उतरतो, लायनिंग खाल्लं जातं, आणि पोअरिंगची पोरं रस ओतायची लॅडल तापवत शिव्या घालत उभी राहतात.

माझी पाळी 3 वाजता सुटायची. पावणेतीनला व्हॉट्सॲपवर मेसेज: ‘आज जमत नाही, जरा ॲडजस्ट करा’, आणि खाली जोडलेले हात. ते पिवळे हात मला अजून बघवत नाहीत. फोन लावला की नॉट रिचेबल. मग डबल मारायची, म्हणजे पुढची पाळीही आपणच भरायची. वडिलांना सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवायचं ठरलेलं असलं तरी डबलच, कारण चालू हीट टाकून जाणार कुठं? कधी जोतिबाची यात्रा, कधी गावची म्हाई (गावजत्रा), कधी तालमीची मिरवणूक, कधी उसाची तोड. कारण प्रत्येक वेळी खरं असायचं, हीच तर पंचाईत. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. देवाला गेलेल्याशी काय भांडणार?

अशाच एका डबलमध्ये तुम्ही चहाचे दोन कप घेऊन लॅबमध्ये आलात. मला वाटलं, आता ‘चालायचंच, सांभाळून घे’ ऐकायला मिळणार. तुम्ही वेगळंच बोललात. “तू गुपचूप डबल मारतोस. रजिस्टरला दोन्ही पाळ्या भरल्याल्या दिसत्यात. मग जागा मोकळी हाय हे हापिसात कळायचं कसं?” आणि लगेच पुढचं: “त्या पोराला शिव्या घालू नगंस. रजा त्येच्या हक्काची हाय. फकस्त जागा कुनाला देऊन चाललाय, ते सांगून जाऊ दे.”

मग तुम्ही बोटांवर हिशेब मांडला. ताप, अपघात, मयत, पूर: यात कुणाला कारण विचारायचं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, तेव्हा कोण कुणाला रिलीव्हर देणार होतं? उसाच्या तोडीचं तसंच. टोळी कधी शेतात उतरेल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं, पण हंगाम तर ठाऊक असतो, म्हणून ऊसवाल्यानं हंगामभरासाठी जोडीदार ठरवून ठेवायचा. “आनि चैताची पुनव? ती काय जोतिबानं काल रातीला ठरीवली व्हय?”

मला नंतर कळलं, कायदाही जवळपास हेच म्हणत होता. 1948 च्या कारखाना कायद्यात 20 दिवस काम भरलं की 1 दिवस भरपगारी रजा होती. तिच्यासाठी 15 दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा, पण आजारपणाची रजा असेल तर अर्जाला उशीर झाला म्हणून ती नाकारायची नाही. तुम्ही तो कायदा कधी उघडला नव्हता, तरी रेघ त्याच जागी ओढलीत.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या दारावर कालनिर्णय आलं आणि त्याला सुतळीनं बांधलेलं पेन. रजा हवी त्या तारखेच्या चौकटीत स्वतःची सही करायची, शेजारी बदलीवाल्यानं त्याच्या हातानं सही करायची. दुसरी सही नाही तोवर रजेचं नक्की नाही. सुरुवातीला पोरं हसली. एकानं तर दुसरी सहीही स्वतःच ठोकली होती. त्याला तुम्ही हाक मारून “तुझा जुळा भाऊ कवा लागला कामाला?” एवढंच विचारलंत, आणि सगळी शेड हसली. पुन्हा कुणी तसलं केलं नाही.

पण नुसत्या कॅलेंडरनं काही झालं नसतं, हे मला ठासून सांगायचंय. सही करणार कोण? स्पेक्ट्रो येणारी माणसं मोजकी. एका जागेला एकच माणूस ठेवून पैसे वाचवायचे आणि तो यात्रेला गेला की त्याच्या नावानं बोंब मारायची, ही सोय वरच्या लोकांची आहे. तुम्ही ते साहेबांना तोंडावर सांगितलंत, आणि उत्तराची वाट न बघता आपल्या फर्नेसवरचा हेल्पर रोज तासभर माझ्याकडे शिकायला पाठवलात. कळस म्हणजे स्वतःही आलात. रिटायरमेंट तोंडावर आलेला माणूस चष्मा कपाळावर सरकवत स्क्रीनला नाक लावून बसायचा: “कार्बन तीन पॉइंट कितीऽ? बारीक लिवत्यात राव!” चकती नीट घासली गेली नाही की स्पार्कचा डाग कसा पांढुरका पडतो, ते ओळखायला तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शिकलात. मी विचारलं, कशाला हा उपद्व्याप? तर म्हणालात, “जे काम एकट्यालाच येतंय त्येला कसब म्हनत न्हाईत, अडवनूक म्हनत्यात.”

मामा, त्यानंतर डबल पुरत्या संपल्या असं नाही. पिवळे हात अधूनमधून येतातच. पण आता मी मेसेज पुढं शिफ्ट इनचार्जला पाठवतो, रजिस्टरला ‘रिलीव्हर नाही’ असं लिहितो आणि माणूस शोधायचं काम ज्याचं त्याच्याकडं जातं. वडिलांची या वर्षातली एकही तारीख चुकलेली नाही. तुमच्या त्या हेल्परला साहेबांनी लॅबला कायम केलं, हे तुम्हाला कळलंच असेल. पेढे घेऊन तो तुमच्याकडं येणार आहे.

आणि हो, तुमच्या गावच्या म्हाईचं आवतण पोचलं. आम्ही सगळे येतोय, पण दोन पंगतींत. फर्स्ट शिफ्टवाले संध्याकाळी, सेकंडवाले दुपारीच जेवून परत. कोण कधी ते दारावर सह्यांनिशी लिहिलंय. काकींना सांगा, तांबडा रस्सा दोन्ही वेळेला पुरला पाहिजे.

तुमचा,
लॅबमधला