सोलापूरच्या धावपट्टीवरही अचानक तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रोड विमानतळावरून जून 2025 मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून वेळापत्रक, तिकिटाचे दर आणि पुढचे शहर कोणते, यावर भरपूर बोलले जाते. विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीच्या वादात सोलापूरने किती वर्षे घालवली हे पाहता ते साहजिकच आहे. पण इथे उतरणाऱ्या विमानाची देखभाल नीट होते की नाही, हे नियामक इथे येऊन पाहतो का? हा प्रश्न आपले लोकप्रतिनिधी विचारत नाहीत, म्हणून हे पत्र.

छोट्या विमानतळावर हँगर नसते, सुट्या भागांचा साठा नसतो. विमान येते, अर्ध्या-पाऊण तासात निघते. त्यामुळे इथे लक्षात आलेला बिघाड बहुधा पुढे ढकलला जातो आणि मुख्य तळावर दुरुस्त होतो. यात गैर काही नाही. कोणते उपकरण बंद असताना विमान उडू शकते याची मान्य यादी असते. तिला एमईएल म्हणतात. ‘बी’ वर्गातला बिघाड नोंदीचा दिवस सोडून तीन दिवसांत, ‘सी’ वर्गातला दहा दिवसांत आणि ‘डी’ वर्गातला 120 दिवसांत काढावा लागतो. ‘ए’ वर्गाची मुदत त्या त्या नोंदीसमोरच दिलेली असते.

गडबड होते ती मुदत संपत आल्यावर. यंत्रणा रिसेट करायची, ‘तपासले, ठीक आढळले’ असे टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) लिहून नोंद बंद करायची. दोन दिवसांनी तोच बिघाड पुन्हा येतो, नवी नोंद होते आणि मुदत पहिल्यापासून मोजली जाते. प्रत्येक नोंद सुटी वाचली तर नियमात बसते. महिन्याभराचा लॉग सलग वाचला तरच खरे काय ते कळते. जून 2025 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) दिल्ली, मुंबईसह मोठ्या विमानतळांवर तपासणी केली, तेव्हा तेच तेच बिघाड पुन्हा उद्भवत असल्याचे आढळले. काही बिघाड तर लॉगमध्ये लिहिलेच नव्हते. एका देशांतर्गत विमानाचे टायर झिजले होते. ते बदलेपर्यंत विमान थांबवावे लागले. म्हणजे शोधले की सापडते. मग शोध मोठ्या शहरांपुरताच का?

अनुभवी निरीक्षकाला वीस मिनिटांत बरेच दिसते. टायरच्या खाचा किती उरल्या, कुठे आतले धागे उघडे पडले का. ब्रेकची झीज दाखवणारी पिन किती बाहेर आहे. ती ब्रेक लावलेला असतानाच पाहायची, एरवी अंदाज चुकतो. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानात पात्याची पुढची कड बोटाने चाचपायची, कारण धावपट्टीवरच्या बारीक खड्याने पडलेल्या टवक्यातूनच पुढे भेग जाते. आणि पिटो नळी. विमानाचा वेग मोजणारी ही बारीक नळी आपल्या नळाच्या तोटीसारखीच कुंभारमाशीला घर करायला आवडते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला याचा इतका उपद्रव झाला की थोड्या वेळाच्या थांब्यातही नळीवर आवरण घालू लागले. मग 2018 मध्ये तिथूनच एक मोठे विमान आवरणे न काढताच उडाले. सुदैवाने सुखरूप उतरले. आवरण घालणे आणि ते काढल्याची खात्री करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम घाईत राहून जाते.

कागदावरच्या तपासणीवर विसंबून राहता येत नाही. इंजिनाचे भाग मुदतीत न बदलता बदलल्याच्या नोंदी केल्याबद्दल मार्च 2025 मध्ये आपल्याच देशातल्या एका कंपनीला डीजीसीएने समज दिली होती. उलट बाजूही पाहा. अमेरिकेत एका कंपनीने शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या जाड स्क्रूला (जॅकस्क्रू) ग्रीस देण्याची मुदत वाढवत वाढवत आठ महिन्यांवर नेली, नियामकाने ती मान्य केली. 31 जानेवारी 2000 रोजी त्या स्क्रूच्या नटाचे आटे झिजून निघाले, विमान कोसळले आणि 88 माणसे गेली. नियामकाची ढिलाईही तिथे नडली.

‘सूचना’ आणि ‘सक्ती’ यांतले अंतरही असेच घातक. बोइंगच्या काही विमानांत इंधन स्विचचे लॉक निसटलेले असू शकते, ते तपासा, अशी सूचना अमेरिकेच्या नियामकाने 2018 मध्ये काढली होती. सक्ती नसल्याने अहमदाबादला कोसळलेल्या विमानात ती तपासणी झाली नव्हती, असे प्राथमिक अहवालात नमूद आहे. अपघाताचे कारण तेच, असे अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण त्यानंतर डीजीसीएने ही तपासणी 21 जुलै 2025 पर्यंत सक्तीची केली. हे आधीही करता आले असते.

अडचण माणसांची आहे, हे मान्य. संसदीय समितीच्या ऑगस्ट 2025 च्या अहवालानुसार डीजीसीएच्या 1,063 मंजूर पदांपैकी 553 च भरलेली होती. सोलापूर, नांदेड, कोल्हापूरला निरीक्षक क्वचित पोहोचत असेल तर नवल नाही. तेव्हा नव्या मार्गांसाठी दिल्लीत पाठपुरावा करणाऱ्या आपल्या खासदार-आमदारांनी तीन गोष्टी मागाव्यात: ही पदे भरावीत, या विमानतळांवर न कळवता तपासणी व्हावी, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडांची संख्या कंपनीचे नाव देऊन दर तिमाहीला जाहीर करावी. जून 2025 च्या तपासणीच्या पत्रकात त्रुटी दिल्या होत्या, कंपन्यांची नावे नव्हती.

एक विनंती प्रवाशांनाही. विमान सोडण्यापूर्वी सही करणारा परवानाधारक इंजिनिअर कंपनीचाच नोकर असतो. त्याने सही रोखली की काउंटरवर आरडाओरडा होतो, कोणी तरी वजनदार माणूस फोन लावतो आणि तो दबाव फिरून त्याच्यावरच येतो. कृपया तो फोन लावू नका.

आपला,
एक वाचक, सोलापूर